दोन केव्हीएआरचा डबा

मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकच्या शिवारात शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी आली की विहिरीवर जाऊन स्टार्टरचे बटण कोणी दाबायचे, हा इथे केवळ झोपमोडीचा प्रश्न नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर आहे, माणसांवर हल्ले झाले आहेत आणि ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही मागणी या दोन तालुक्यांतले शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत. म्हणून अनेकांनी मोटरीला ऑटोस्विच बसवून घेतला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि माणूस घरात सुरक्षित राहतो. यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखे काही नाही.

महावितरण मात्र दरवर्षी आवाहन करते की ऑटोस्विच काढा आणि मोटरीला कपॅसिटर बसवा. आवाहनाचे कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतात, वर्तमानपत्रात छापून येतात. पण ऑटोस्विचने नेमके काय बिघडते आणि तो लहानसा डबा नेमके काय सुधारतो, हे त्या कागदावर सहसा नसते. दोन्हींचे उत्तर विजेच्या एकाच गुणात आहे. अभियांत्रिकीच्या पुस्तकात त्याला इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स म्हणतात. शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेपुरता येतो. विहिरीवरच्या मोटरीला तो चोवीस तास लागू असतो.

एक साधी मोजणी पाहू. पाच एचपीची थ्री फेज मोटर घ्या, लाईट बंद करा, वायरी सोडवा आणि एका फेजच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजा. समजा तो अडीच ओहम भरला. एका फेजला सुमारे २४० व्होल्ट मिळतात. ओहमच्या नियमाने २४० भागिले २.५ म्हणजे ९६ अँपिअर करंट वाहायला हवा. एवढ्या करंटने वाइंडिंग काही क्षणांत जळून जाईल. प्रत्यक्षात तीच मोटर पंपाचा भार न लावता रिकामी फिरवली, तर ती साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट घेते. तार तीच, तांबे तेच, व्होल्टेजही तेच. मग उरलेला करंट अडवला कोणी?

तारेतून करंट वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. तार गुंडाळून तिची कॉइल केली आणि आत लोखंड घातले की हे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते. करंट स्थिर असेपर्यंत क्षेत्रही स्थिर राहते आणि तारेला त्याचा काही त्रास नसतो. करंट बदलू लागला की क्षेत्र बदलते, आणि बदलते क्षेत्र त्याच तारेत उलट दिशेचे व्होल्टेज निर्माण करते. ते व्होल्टेज बदलाला विरोध करते. वाढणाऱ्या करंटला ते सहज वाढू देत नाही आणि कमी होणाऱ्याला सहज कमी होऊ देत नाही. चालू मोटरीचा मेन स्विच खाली ओढताना पात्यांपाशी ठिणगी उडते, ती याच विरोधाची. थांबायला तयार नसलेला करंट हवेतून उडी मारतो.

ही ठिणगी अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या एका शाळामास्तराने नीट पाहिली होती. त्याचे नाव जोसेफ हेन्री. तारेवर रेशीम गुंडाळून तो चुंबकासाठी वेढ्यांवर वेढे घालत असे. लांब तारेचे टोक बॅटरीपासून तोडताना ठिणगी मोठी उडते आणि तार आखूड असेल तर ती जवळपास दिसतही नाही, हे त्याने १८३२ मध्ये छापून प्रसिद्ध केले. पुढे १८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या विद्युत परिषदेत तारेच्या या विरोध करण्याच्या गुणाच्या, म्हणजे इंडक्टन्सच्या, एककाला हेन्रीचे नाव मिळाले. पुढच्याच महिन्यात त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. ते भाषण भारतात घरोघरी पोचले. विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ याने एसीचे हिशेब सोपे करणारी गणिताची रीत मांडली होती. तिच्यावर आज जगातले प्रत्येक वीज मंडळ चालते, पण तिची खबर फार थोड्यांना आहे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा मारतो, शून्यापासून वर, परत शून्य, उलट दिशेला खाली आणि पुन्हा शून्य. एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. करंट सतत बदलत असल्याने कॉइलचा विरोधही सतत चालू राहतो. हा विरोध, म्हणजेच रिअॅक्टन्स, किती ते काढायला एकच गुणाकार लागतो: २ गुणिले पाय, गुणिले वारंवारता, गुणिले इंडक्टन्स. वारंवारता हर्ट्झमध्ये आणि इंडक्टन्स हेन्रीत घातला की उत्तर ओहममध्ये येते. सूत्रात दोन पाय येतो कारण एक पूर्ण फेरा म्हणजे कोनाच्या भाषेत तेवढे रेडियन, आणि विरोध ठरतो तो बदलाच्या वेगावर. भारतीय वीजपुरवठ्यापुरते तर पाठांतरही नको. दोन पाय गुणिले ५० म्हणजे ३१४. इंडक्टन्सला ३१४ ने गुणले की झाले.

आता रिकाम्या मोटरीकडे परत जाऊ. २४० व्होल्टला साडेतीन अँपिअर, म्हणजे एकूण विरोध सुमारे ६८.६ ओहम. त्यात तांब्याचा वाटा अडीच ओहमचा, बाकी जवळपास सगळा रिअॅक्टन्स. त्याला ३१४ ने भागले की इंडक्टन्स निघतो ०.२२ हेन्री. ९६ अँपिअरच्या ठिकाणी साडेतीन अँपिअर वाहतात ते या ०.२२ हेन्रीमुळे. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटचा जड चोकही याच जातीचा. त्याचा इंडक्टन्स सव्वा हेन्रीच्या आसपास, म्हणजे रिअॅक्टन्स चारशे ओहमच्या जवळ. तेवढ्यावर तो नळीचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवतो.

रेझिस्टन्स करंट अडवतो तेव्हा तार तापते आणि वीज उष्णता होऊन कायमची जाते. रिअॅक्टन्सचे अडवणे वेगळे आहे. शुद्ध कॉइलमध्ये व्होल्टेज आपल्या शिखरावर असते तेव्हा करंट शून्य असतो. करंटचे शिखर पाव फेरा उशिरा येते, म्हणजे ५० हर्ट्झवर ५ मिलिसेकंदांनी. पाव फेराभर कॉइल तारेतून ऊर्जा ओढून चुंबकीय क्षेत्रात साठवते आणि पुढच्या पाव फेऱ्यात ती जशीच्या तशी परत तारेत सोडते. सेकंदाला शंभर वेळा घेणे आणि शंभर वेळा परत देणे. हिशेबाची बाकी शून्य, त्यामुळे युनिट मोजणारा मीटर या ये-जा करणाऱ्या ऊर्जेची नोंद करत नाही. तारेला मात्र दोन्ही वेळा करंट वाहून न्यावाच लागतो.

प्रयोगशाळेत एखाद्या अनोळखी कॉइलचा रिअॅक्टन्स काढायची जुनी रीत फार सुंदर आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. कॉइलला आधी बारा व्होल्टची बॅटरी जोडायची. समजा करंट एक अँपिअर आला, तर रेझिस्टन्स बारा ओहम. मग ट्रान्सफॉर्मरमधून बारा व्होल्ट एसी द्यायचा. आता करंट ०.६ अँपिअरच येतो, म्हणजे एकूण विरोध, ज्याला इम्पिडन्स म्हणतात, तो २० ओहम. घाईने वीसातून बारा वजा करून आठ लिहिले तर उत्तर चुकते. रेझिस्टन्सवरचे व्होल्टेज आणि रिअॅक्टन्सवरचे व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर नसतात, त्यांच्यात पाव फेऱ्याचे, म्हणजे काटकोनाचे अंतर असते. म्हणून इथे पायथागोरस लागतो. वीसचा वर्ग ४००, बाराचा १४४, वजाबाकी २५६, वर्गमूळ सोळा. रिअॅक्टन्स सोळा ओहम आणि त्याला ३१४ ने भागून इंडक्टन्स सुमारे ५१ मिलिहेन्री. आत लोखंड असलेल्या कॉइलमध्ये हे उत्तर व्होल्टेजप्रमाणे थोडे बदलते, कारण लोखंडात चुंबकत्व एका मर्यादेपर्यंतच मावते. त्यापलीकडे व्होल्टेज वाढवले की करंट झपाट्याने चढतो.

मोटर रिवायंड करणाऱ्या कारागिराला हे सूत्र कागदावर येत नसेल, पण त्याच्या हातात ते असते. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तांबे वाचवायला कोणी दहा टक्के वेढे कमी घातले, तर इंडक्टन्स ०.९ च्या वर्गाने, म्हणजे ८१ टक्क्यांवर येतो. रिअॅक्टन्सही तेवढाच उतरतो आणि साडेतीन अँपिअरची मोटर रिकामीच सव्वाचार अँपिअरच्या पुढे जाते. बेअरिंग झिजून रोटर घासू लागला आणि तो लेथवर छिलून घेतला, की रोटर-स्टेटरमधली फट वाढते. तिथेही तेच होते. वाइंडिंग नवे, तार चांगली, तरी मोटर तापते. चांगला कारागीर म्हणूनच मोटर परत देण्याआधी तिन्ही फेजचा रिकामा करंट मोजून दाखवतो. तो आकडा मागून घेणे आणि स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवणे शेतकऱ्याच्या फार उपयोगाचे आहे.

सूत्रात वारंवारता आहे, आणि तिचे खरे रूप पाहायला याच भागातले दुसरे गाव गाठावे लागते. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. अवकाशातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला जो मंद संदेश सोडतो, तोही ही दुर्बीण ऐकते. आता दोन सेंटीमीटरची सरळ तार घ्या. तिला ना वेढे ना लोखंड. तरीही तिचा इंडक्टन्स ढोबळमानाने वीस नॅनोहेन्री असतो. घरच्या ५० हर्ट्झला तिचा रिअॅक्टन्स ओहमच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी, म्हणजे नसल्यातच जमा. १४२० मेगाहर्ट्झला तीच तार सुमारे १८० ओहमचा विरोध करते. म्हणून अशा यंत्रणेच्या अभियंत्याला वायरीचा बोटभर जादा तुकडाही हिशेबात धरावा लागतो. विहिरीवरचा वायरमन उरलेल्या केबलचे वेटोळे करून खांबाला टांगतो आणि मोटर निर्धास्त चालते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

अंतर वाढले तर ५० हर्ट्झलाही सरळ तारेचा रिअॅक्टन्स विसरता येत नाही. वीजवाहिनीचा रिअॅक्टन्स दर किलोमीटरला ओहमच्या तिसऱ्या भागाच्या आसपास असतो. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातले पडघे हे अंतर वीजवाहिनीने ७५२ किलोमीटर भरते, म्हणजे एका तारेला अडीचशे ओहम. विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबईकडे आणताना, गेल्या शतकाच्या अखेरीस, तिथे अधिक-उणे ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी बांधली गेली. तिची क्षमता १५०० मेगावॅट. डीसीत करंट स्थिर असतो, वारंवारता शून्य, आणि शून्याने काहीही गुणले तरी रिअॅक्टन्स शून्य. त्यासाठी दोन्ही टोकांना एसीचे डीसी आणि डीसीचे पुन्हा एसी करणारी प्रचंड केंद्रे उभारावी लागली, पण एवढ्या अंतरावर तो खर्च परवडतो.

अवसरीच्या डीपीला, म्हणजे शिवारातल्या रोहित्राला, असा पर्याय नाही. तिच्यावरच्या प्रत्येक मोटरीला चुंबकीय क्षेत्र लागते, त्याशिवाय ती फिरणारच नाही. पाच एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती ४.६६ किलोवॅट खरी वीज घेते. तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला खऱ्या विजेचा वाटा, ०.८ धरला, तर क्षेत्रासाठी ये-जा करणारी वीज साडेतीन केव्हीएआर होते. दोन्हींची बेरीज पुन्हा काटकोन त्रिकोणाने करायची, ती ५.८ केव्हीए. ४१५ व्होल्टला हा करंट होतो ८.१ अँपिअर. ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटरी चालतात, अकरावी जड जाते.

आता ऑटोस्विचचे काय ते पाहा. थांबलेल्या मोटरीच्या वाइंडिंगला ६८ ओहमचा आधार नसतो. रोटर फिरायला लागेपर्यंत करंटला अडवतो तो थोडा रेझिस्टन्स आणि गळणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा थोडा रिअॅक्टन्स, त्यामुळे सुरुवातीचा करंट नेहमीच्या पाच-सहा पट असतो. एकेक मोटर वेगवेगळ्या वेळी सुरू झाली तर डीपी हे सोसते. ऑटोस्विचमुळे लाईट आल्याच्या क्षणी दहाही मोटरी एकदम उठतात. ६३ केव्हीएच्या रोहित्राची क्षमता ८४ अँपिअरची आणि त्याच्याकडे मागणी होते कागदावर ४८० अँपिअरची. व्होल्टेज कोसळते. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आले तर जोर निम्म्याहून किंचित खाली येतो. मग मोटरी लवकर वेग घेत नाहीत, गुरगुरत राहतात आणि तो मोठा करंट जास्त वेळ ओढतात. रोज असे होत राहिले की तेल तापते, इन्सुलेशन कडक होते आणि एक दिवस डीपी जळते, बहुधा पिकाला पाणी सर्वात जास्त हवे असते त्याच दिवसांत. ऑटोस्विच ठेवायचाच असेल तर प्रत्येकाने त्यात वेगवेगळ्या मिनिटांचा टायमर लावून घेतला पाहिजे. बिबट्याच्या भीतीवर आणि जळक्या डीपीवर एकत्र तोडगा काढायचा तर तो इतपत तरी हवाच, आणि तो गावाने मिळून ठरवावा लागेल.

कपॅसिटरचे काम मोटर फिरू लागल्यावर असते. त्यात ऊर्जा विद्युत क्षेत्रात साठते आणि तिची वेळ कॉइलच्या बरोबर उलटी असते. कॉइल ऊर्जा मागते त्या पाव फेऱ्यात कपॅसिटर सोडत असतो, कॉइल परत देते तेव्हा तो घेत असतो. बैल आणि मनुष्यबळ आळीपाळीने एकमेकांकडे देणाऱ्या दोन शेतकऱ्यांची सावड असते, तशी ही दोन यंत्रांची सावड. तिसऱ्याकडे, म्हणजे डीपीकडे आणि तिच्यामागच्या लांबलचक लाईनीकडे, मागायला जावे लागत नाही. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की साडेतीनपैकी दीड केव्हीएआरच बाहेरून यावे लागतात. ५.८ केव्हीएचे ४.९ होतात, ८.१ अँपिअरचे ६.८. करंट सोळा टक्के कमी झाला, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने जात असल्याने ती सुमारे तीस टक्के घटली. त्याच ६३ केव्हीएवर आता बारा मोटरी बसतात.

दोनच केव्हीएआर का, पूर्ण साडेतीन का नाहीत? रिकाम्या मोटरीला क्षेत्रासाठी लागणारी वीज, साडेतीन अँपिअरच्या हिशेबाने, अडीच केव्हीएआर भरते. कपॅसिटर त्याहून मोठा असला तर लाईट गेल्यावरही फिरती मोटर त्याच्या आधाराने काही काळ स्वतःच वीज निर्माण करते आणि व्होल्टेज धोक्याच्या पातळीवर चढू शकते. म्हणून तो रिकाम्या गरजेच्या आतच ठेवतात. तो स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटरीबरोबरच चालू-बंद होईल. तो काम करतो की नाही हे पाहायला क्लॅम्प मीटर स्टार्टरकडे येणाऱ्या वायरीवर लावावा. कपॅसिटर जोडून आणि सोडून आकड्यात अँपिअरभर फरक दिसला नाही, तर डबा मेलेला आहे. कपॅसिटरात लाईट बंद झाल्यावरही थोडा वेळ चार्ज उरतो, हे हात लावण्याआधी लक्षात ठेवायलाच हवे.

एवढे फायदे असून शिवारात कपॅसिटर दुर्मीळ का, याचे कारण बिलात आहे. उच्चदाब वीज घेणाऱ्या कारखान्यांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ये-जा करणारी वीजही धरून, आकारणी होते. तिथे पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढते, म्हणून तिथे कपॅसिटरचे पॅनेल जिवापाड सांभाळले जाते. शेतकऱ्याच्या बिलात पॉवर फॅक्टर कधीच मोजला गेला नाही, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिलच सरकार भरते. कपॅसिटर स्वतःच्या पैशाने घ्यायचा आणि फायदा जायचा तो डीपीवरच्या सगळ्यांना. एकट्याने लावला तर लाईनीवर फरक दिसणार नाही, दहांनी लावला तर लाईनीच्या टोकाच्या विहिरीलाही दिसेल. अशी वस्तू दुकानातून विकत घ्यायला सांगून भागत नाही. ज्या सरकारने बिल भरायचे ठरवले, त्यानेच प्रत्येक पंपाला हा डबा बसवून द्यावा. अनुदानातल्या पैशाचा याहून थेट उपयोग सापडणे अवघड आहे.

सौरपंप येऊ लागल्यापासून या सूत्राला शेतात एक नवी बाजू मिळाली आहे. एसी मोटर असलेल्या सौरपंपाचा कंट्रोलर वारंवारता स्वतः ठरवतो. सकाळी ऊन कोवळे असताना तो मोटर ३५ हर्ट्झवर चालवतो. तेव्हा ६८.६ ओहमचा रिअॅक्टन्स ४८ ओहमवर उतरतो. व्होल्टेज २४० च ठेवले तर करंट पाच अँपिअर होईल आणि लोखंड भरून गेल्याने त्याहूनही चढेल. म्हणून कंट्रोलर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवून १६८ वर आणतो आणि करंट पुन्हा साडेतीनवर राहतो. जुनीच मोटर अशा कंट्रोलरला जोडायची असेल, तर तिचा कपॅसिटर आधी काढून ठेवावा. कंट्रोलर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, आणि कपॅसिटरचा विरोध वारंवारता वाढली की कमी होतो, कॉइलच्या अगदी उलट. तो डबा तिथे राहिला तर तोही जाईल आणि कंट्रोलरही.

वारंवारता सत्तर टक्क्यांवर असताना मोटरीचा वेगही तेवढाच असतो, आणि पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने, म्हणजे निम्म्यावर येतो. खोल विहिरीवर सकाळी मोटर फिरताना ऐकू येते पण पाईपातून पाणी पडत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. अशा वेळी मोटर वर काढण्याआधी कंट्रोलरच्या पडद्यावरचा हर्ट्झचा आकडा पाहावा आणि तो पन्नाशीकडे सरकेपर्यंत ऊन चढू द्यावे.